मधलं एक कडवं

१३ एप्रिलच्या रात्री मी माझ्या घराची खिडकी लावून घेतली. घडलं ते एवढंच. आता पावसाळा लागलाय, पण ती सरकती काच रुळावरून घसरत चौकटीला टेकल्याचा आवाज अजून डोक्यातून जात नाही.

ठाण्यातल्या आमच्या इमारतीत आठ जणींचा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कुणा एकीच्या घरी जमायचं, वाचून आणलेल्या पुस्तकावर बोलायचं, मग खाणं. त्या महिन्यात पाळी माझी होती आणि पुस्तक होतं बेबीताई कांबळे यांचं आत्मकथन, ‘जिणं आमुचं’. ते मी सुचवलेलं नव्हतं. गटातल्या सगळ्यांत थोरल्या काकूंनी सुचवलं, ‘एकदा वाचायलाच हवं गं आपण’ म्हणून. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तेव्हा आदल्या रात्री बसू, उशीर झाला तरी चालेल, असं ठरलं. १३ च्या रात्री नाल्यापलीकडच्या वस्तीत काय असतं हे कुणाच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं. तरी तारीख बदलू या असं मी म्हणाले नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं आहे. बावीस वर्षांत या इमारतीत मी कुणाशी खोटं बोललेली नाही. कुणी विचारलं नाही, आणि विषय निघेल असं वाटलं की मी चहा टाकायला उठले. बाबासाहेबांचा फोटो घरात आहे, आतल्या खोलीत.

चर्चा मनापासून चालली होती. फलटणला किराणा दुकान चालवणारी एक बाई सामान बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचत बसते, गल्ल्यापाशी वही काढून लिहिते, घरच्यांना कळू नये म्हणून ती वही लपवते, आणि वीसेक वर्षं तसंच दडवून ठेवलेलं लिखाण शेवटी ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली पुस्तक होऊन बाहेर येतं, हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. बाळंतिणीच्या भुकेचा भाग एकीला मोठ्यानं वाचता येईना, तिचा गळा दाटला. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “किती सोसलं गं या लोकांनी.” त्याच वेळी नाल्यापलीकडे स्पीकर सुरू झाले. आधी नुसताच ठोका. मग त्यावर गाणं, वेग वाढवलेलं, खाली धडधड भरलेली, पण शब्द ओळखू येत होते. वामनदादा कर्डकांचं ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’. काकूंनी कपाळाला हात लावला. “अगं, खिडकी लाव ना, काही ऐकू येत नाही.” मी उठले आणि लावली. शब्द बाहेर राहिले. ठोका मात्र भिंतींतून येत राहिला, आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या काचा सारा वेळ बारीक थरथरत होत्या.

खिडकीपाशी उभी असताना माझे ओठ हलत होते.

काकू वाईट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा माझ्या मुलाला दोन वेळचं जेवण त्यांनी घातलंय. त्यांचे अश्रू खरे होते, आणि आवाजाचा त्रासही खराच होता. मलाही त्या ठोक्यानं छातीत धडधडतं. टोचलं ते वेगळंच. एकाच खोलीत, एकाच मिनिटाला, त्याच माणसांचं दुःख मांडीवर उघडं होतं आणि त्याच माणसांचं गाणं नकोसं झालं होतं. आणि त्या दोघांच्या मधली काच लावणारी मी, त्या पुस्तकातलीही आणि त्या गाण्यातलीही.

माझं लहानपण नायगावच्या बीडीडी चाळीतलं. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, माणसं सात. आजोबा गिरणीत सूतकताईच्या रिंगखात्यात होते. साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या माणसांच्या तोंडचा धागा इतर कामगारांना चालत नसे, म्हणून ते खातं आम्हाला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे उघड मांडलं होतं. आजोबा ही गोष्ट सांगताना ओठांचा चंबू करून हवेतला धागा ओढून दाखवायचे आणि मग काही न बोलता तपकीर काढायचे. वडीलही गिरणीतच लागले. ते सातवी शिकलेले. आई माण तालुक्यातली, शाळेची पायरी न चढलेली. आमच्या घरात त्यामुळे वाटणीच होती. पुस्तक वडिलांचं, गाणं आईचं.

६ डिसेंबरला नायगावहून शिवाजी पार्कला आम्ही चालत जायचो. आदल्या दिवसापासून गावाकडची माणसं खोलीत मुक्कामाला, गॅलरीत सतरंज्या, पहाटेपासून पिठलं-भाताचा वास. चैत्यभूमीची रांग झाली की वडील पुस्तकांच्या स्टॉलकडे वळायचे. ताडपत्रीवर मांडलेली पुस्तकं, त्यांना लागून फोटो, बिल्ले, कॅलेंडरं, आणि पुढं पुढं कॅसेटी. वर्षाला एक पुस्तक, हा त्यांचा नेम. उभ्यानं चाळायचे, किंमत बघून खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. गिरणी संपाच्या वर्षी, १९८२ ला, पुस्तक आलं नाही. त्या वर्षी ते एका स्टॉलपुढं तासभर उभ्यानं वाचत राहिले आणि स्टॉलवाल्यानं त्यांना एका शब्दानं हटकलं नाही. मी त्यांच्या विजारीला धरून उभी होते, माझे पाय दुखत होते. तो स्टॉलवाला अधूनमधून माझ्याकडे बघून हसायचा.

घरात टू-इन-वन आला तो १९८६ की ८७ ला, कुणाकडून तरी जुना. तेव्हापासून ६ डिसेंबरला आईची एक कॅसेट ठरलेली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायची, हे काम माझं. आईला कव्हरवरची अक्षरं वाचता यायची नाहीत, पण कोणती कॅसेट कोणती ते ती रंगावरून आणि कोपऱ्यातल्या चिरांवरून बरोबर ओळखायची. एकदा ऐकलेलं गाणं तिच्याकडे राहायचं. सगळी कडवी, क्रमानं, आणि कुणी गाताना एखादं गाळलं तर ती भांडी घासता घासता मान वर करून म्हणायची, “मधलं कुठं गेलं?”

वडील रात्री मोठ्यानं वाचायचे. दया पवारांचं ‘बलुतं’ त्यांनी असंच वाचून काढलं, रोज थोडं थोडं, शेजारचे दोघं-तिघं दारात बसलेले. मी लहान होते, पण त्या रात्रींमधला एक अवघडलेपणा मला आठवतो. मेलेल्या जनावराच्या मांसाचा, मुंबईच्या कावाखाना वस्तीतल्या आयाबायांचा उल्लेख आला की दारातलं कुणीतरी खाकरायचं. चाळीत पुष्कळांना ते पुस्तक तेव्हा रुचलं नव्हतं. आपली उघडी हाडं लोकांना कशाला दाखवायची, असं म्हणणारे आमचेच होते. आईनं एका रात्री विचारलं, “हे लिवायचं कशापायी? आपल्याला तर ठावं हाय.” वडील म्हणाले, “ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी.” आई म्हणाली, “मग ते त्यास्नी वाचू द्या की.” आणि कूस बदलून झोपली.

हे तिचं बोलणं मला फार वर्षांनी कळलं. १९७८ ला ‘बलुतं’ आलं, मग ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘जिणं आमुचं’, ‘आयदान’, आणि मराठी वाचणाऱ्या घरांमध्ये पहिल्यांदाच एक दार उघडलं. ते उघडायलाच हवं होतं. कॉलेजात नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ हातात आलं तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नव्हती, माझ्या आसपासची भाषा छापता येते यावर विश्वास बसत नव्हता. पण त्या पुस्तकांचा पहिला वाचक आमच्या गॅलरीत बसलेला नव्हता, हेही तितकंच खरं. पुस्तकानं आमचं दुःख दुसऱ्यांना सांगितलं. गाणं आमच्याशीच बोलत होतं. ते कधी कुरवाळायचं, बहुतेक वेळा रागवायचं. वामनदादांचं ते ‘पाच लोक’वालं गाणं तरी दुसरं काय आहे? लाखो लोक जयजयकार करतात आणि हा कवी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणतो की तुझ्या मताचे पाचच असते तर गोष्ट वेगळी झाली असती. वाणीत भीम आहे, करणीत कुठाय, असं विचारतो. जयंतीच्या मांडवात लोक यावर मान डोलावतात आणि नोटा उडवतात. आपल्याच माणसांना इतकं लागेल असं बोलायचं आणि त्यांनी ते नाचत नाचत ऐकायचं, हे मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात पाहिलेलं नाही.

वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईला गिरणीत आले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. कुणीतरी एक पत्र पुढं केलं, वाचून दाखव म्हणाला, आणि यांना अक्षर ओळख नव्हती. त्या शरमेनं मोठेपणी ते लिहा-वाचायला शिकले, असं सांगतात. आई ही गोष्ट दर जयंतीला सांगायची, आणि शेवटी तिचा आवाज थोडा बारीक व्हायचा. अण्णा भाऊ साठेही शाळेत टिकले नाहीत. वाटेगावहून पोरवयात पायी मुंबईला आले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, आणि एकाच हातानं ‘फकिरा’सारखी कादंबरी आणि ‘माझी मैना’सारखी छक्कड लिहिली. कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना दिली. त्यांच्या ठिकाणी पुस्तक आणि गाणं यांची वाटणी झालेलीच नाही. आमच्या घरात झाली, आणि पुढं माझ्यात तर सरळ भिंतच उभी राहिली.

कारण मी शिकले. वडिलांची पुस्तकं माझ्याकडे आली, आणि ती मला मिरवता आली. ठाण्याच्या या घरात आलो तेव्हा सुताराकडून काचेचं कपाट करून घेतलं. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ त्यात डोळ्यांच्या उंचीवर आहे. परगावी खोली मिळावी म्हणून जात लपवणाऱ्या माणसाची गोष्ट. त्या पुस्तकाचा कणा दर महिन्याला आमच्या वाचनगटाकडे तोंड करून असतो. पुस्तकांना कुणी हरकत घेत नाही. उलट, ‘तुझं वाचन किती चौफेर आहे’ असं म्हणतात. कॅसेटी मात्र मी आणल्या नाहीत. चाळीतली खोली आवरताना बुटाचे दोन खोके भरून निघाल्या होत्या. मी त्या भंगारवाल्याला दिल्या. त्यानं वजन केलं, पट्ट्या ओढून बघितल्या, म्हणाला, प्लास्टिकचेच पैसे मिळतील. आईनं नंतर विचारलं, “कॅसेटी कुठायत गं?” मी म्हणाले, “माळ्यावर आहेत.” तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की कॅसेट लावायला आता यंत्र कुठाय. ते खरं होतं. पण भिंतीपलीकडे ऐकू जाईल, हेही मनात होतं. पुस्तक मिटून ठेवता येतं. त्यातलं दुःख वाचणाऱ्याला हवं तेवढंच, हव्या त्या वेळी बाहेर येतं. गाणं लावलं की लावणारा कोण ते आधी कळतं.

आषाढी एकादशीला आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहापासून स्पीकर असतो. साबुदाण्याची खिचडी, मुलांची दिंडी, आणि न चुकता ‘पाऊले चालती पंढरीची वाट’. दरवर्षी मी बाल्कनीत उभी राहून ते ऐकते. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. तोच आवाज आईच्या कॅसेटींतून भीमगीतं गायचा, तोच सत्यनारायणाची कथा सांगायचा, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्या देवघरात तो पोहोचला नाही? त्या सकाळी एकही खिडकी लागत नाही. दिवाळी पहाटेला ‘अवघा रंग एक झाला’ होतं तेव्हाही शालींमधली माणसं डोळे मिटून ऐकतात. ते सोयराबाईचं आहे, चोखोबांच्या बायकोचं, हे क्वचितच कुणी मोठ्यानं म्हणतं. चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या पायरीशी आहे. अभंग आत गेला, माणूस बाहेर राहिला. सातशे वर्षं होत आली, आणि मला वाटतं आम्हाला अजून तसंच ऐकायची सवय आहे. आवाज गोड असावा, त्यानं विठ्ठलाचं नाव घ्यावं, स्वतःचं घेऊ नये.

आजच्या डीजेबद्दल माझं मन स्वच्छ नाही. आमच्या चाळीत जयंतीला दुरंगी सामना व्हायचा, गायन पार्ट्या समोरासमोर, बेंजो, ढोलकी, पेटी, आणि एका पार्टीनं शब्दांत टाकलेल्या कोड्याला दुसरीनं शब्दांत उत्तर द्यायचं. पहाटेपर्यंत बाया पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. मधेच माइकवरून अकरा रुपयांचं बक्षीस पुकारलं जायचं, नावासकट, गावासकट. त्या गाण्यांत वाद असायचा, इतिहास असायचा, टाटा-बिर्लांना जाब विचारणारे वामनदादा असायचे. आता ठोक्याखाली अर्धे शब्द चिरडले जातात, आणि काही गाणी निव्वळ गाडी-बंगल्याच्या तोऱ्याची असतात. आईला ती आवडत नाहीत. मलाही नाहीत. पण ज्यांच्या आज्यांना गावात मोठ्यानं बोलायची चोरी होती, त्यांच्या नातवाला वर्षातून एका रात्री सगळ्या शहराला ऐकू जाईल एवढा आवाज हवासा वाटतो, यात न कळण्यासारखं मला काही दिसत नाही. आणि गणपतीच्या दहा दिवसांत आमच्याच गेटवर स्पीकरांची भिंत उभी राहते तेव्हा काकूही कानात कापूस घालतात, पण ‘हे लोक’ म्हणत नाहीत.

शिवाय सगळंच काही ठोक्यात बुडालेलं नाही. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि ते कुणाच्या तरी मोबाइलमधून गावोगाव गेलं. तुम्ही खाता त्या भाकरीवर बाबासाहेबांची सही आहे, असं त्या गाण्यात आहे. मी ते पहिल्यांदा लोकलमध्ये ऐकलं, हेडफोन लावून, डब्यात उभी राहून. माझ्या जेवणाच्या डब्यात तेव्हा चपाती होती, बँकेच्या नोकरीतली. मुलुंड आलं, गेलं, मला कळलं नाही. विलास घोगरे हे शाहीर मुलुंडच्याच झोपडपट्टीत राहायचे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि चार दिवसांनी त्यांनी स्वतःला संपवलं. डफ हातात असलेला माणूस. रोज त्या स्टेशनावरून जाणारी मी, त्यांची गाणी पुस्तकात वाचलेली, ऐकलेली नाहीत.

ती रात्र संपली, सगळ्या गेल्या. भांडी विसळताना मी खिडकी परत उघडली. अकरा वाजून गेले होते, डीजे थांबला होता, पण कुणीतरी पोरं नुसत्याच ढोलकीवर तेच गाणं म्हणत होती, दमलेल्या, फाटक्या आवाजात. मी त्यांच्याबरोबर गुणगुणत गेले आणि दुसऱ्या कडव्यानंतर थांबले. ती पुढं गेली, माझ्याकडे पुढचे शब्दच नव्हते. मोबाइलवर शोधलं असतं तर अर्ध्या मिनिटात मिळाले असते. शोधावंसं वाटलं नाही.

सकाळी आईला फोन केला. ती आता भावाकडे बदलापूरला असते, ऐंशीच्या पुढं गेलीय, गुडघ्यांनी जागेला बसवलंय. “जय भीम, आई.” तिकडून जरा वेळ काहीच आलं नाही. जयंतीचा फोन मी दरवर्षी करते, पण हा शब्द फोनवर उच्चारून किती वर्षं झाली होती ते तिलाच ठाऊक. “जय भीम, बाय. जेवलीस का?” सकाळचे आठ वाजले होते. मी म्हटलं, ते पाच लोकांचं गाणं आहे ना, त्यातलं मधलं एक कडवं मला आठवत नाहीये.

“मग माझ्या मागं कशाला लागतीस? माळ्यावर कॅसेट हाय ना, लाव की.”

मी खिडकीपाशीच उभी होते. नाल्यापलीकडे पोरं निळ्या पताका नव्यानं बांधत होती, एक जण विजेच्या खांबावर चढलेला.

“माळ्यावर काही नाहीये, आई.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “घे, लिवून घे.”

टेबलावर रात्रीचं ‘जिणं आमुचं’ पडलेलं होतं. हाताशी कोरं पान तेवढंच होतं, शेवटचं. मी पेन उघडलं. तिकडं आईनं घसा साफ केला, आणि मग पहिल्यापासून सुरू केलं, कारण मधूनच उचललेलं तिला येत नाही.